वजन उतरते, पण दातांचे काय?

वजन कमी करण्याचे उपाय सांगणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. कोणी सांगतो, रोज पहाटे अनशापोटी कोमट पाण्यात लिंबू पिळून, त्यात चमचाभर मध घालून घ्या. कोणी म्हणतो, दिवसातून दोनच वेळा जेवा. लगेच दुसरा म्हणतो, छे! दर दोन तासांनी थोडे थोडे खात जा. कोणी भात आणि पोळी बंद करतो, कोणी चार दिवस फळांवर राहतो, तर कोणी नेहमीच्या शीतपेयाऐवजी ‘डाएट’ शीतपेयाची बाटली घेतो.

या सगळ्या उपायांची परीक्षा एकाच उपकरणावर होते. ते उपकरण म्हणजे वजनकाटा. काटा खाली आला की उपाय चांगला! पण आपण जे काही खातो-पितो, ते पोटात जाण्यापूर्वी तोंडातून जाते आणि तेथे बत्तीस दातांची भेट घेते. वजनकाट्याला आवडणारा पदार्थ दातांनाही आवडेलच, असे मात्र नाही. याचे कारण समजण्यास थोडे रसायनशास्त्र पुरे आहे, आणि ते तुम्ही शाळेत शिकलेलेच आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. अतिरिक्त लठ्ठपणा प्रकृतीला घातक आहे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने तो कमी करणे योग्यच आहे. शिवाय, वजन उतरवण्यासाठी जो साखर कमी खातो, तो नकळत आपल्या दातांवरही उपकारच करीत असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये, दिवसभरातील एकूण उष्मांकांपैकी वरून घातलेल्या साखरेचा, तसेच मधातील व फळांच्या रसातील साखरेचा मिळून वाटा दहा टक्क्यांहून कमी असावा, शक्यतो पाच टक्क्यांहूनही कमी असावा, अशी शिफारस केली. तिच्यामागे लठ्ठपणा आणि दातांची कीड ही दोन्ही कारणे होती. तेव्हा आहारनियमन आणि दात यांचे वैर मुळीच नाही. मात्र काही विशिष्ट सवयींमुळे ते निर्माण होते.

न भरून येणारी साल

दाताचा जो पांढरा, चकचकीत भाग आपल्याला दिसतो त्याला दंतवल्क म्हणतात. वल्क म्हणजे साल. मानवी शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ होय. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा असतो. कॅल्शियम, फॉस्फेट आणि हायड्रॉक्सिल यांच्या या स्फटिकरूप संयुगाला हायड्रॉक्सिॲपटाइट असे नाव आहे. दाढेच्या उंचवट्यांवर हा थर सर्वांत जाड असतो. पण तेथेही त्याची जाडी जेमतेम अडीच मिलिमीटर भरते.

झाडाची साल खरवडली तर ती काही दिवसांनी भरून येते. दाताची साल मात्र भरून येत नाही. ज्या पेशी दंतवल्क तयार करतात, त्या दात हिरडीतून वर येईपर्यंत आपले काम संपवून नाहीशा होतात. मोडलेले हाड सांधते, कारण हाडात जिवंत पेशी असतात. दंतवल्कात एकही पेशी नसते. म्हणून एकदा गेलेला थर कायमचाच गेला.

दंतवल्काखाली दंतिन नावाचा पिवळसर आणि तुलनेने मऊ भाग असतो. दंतवल्क पातळ झाले की दंतिनाचा पिवळेपणा बाहेर दिसू लागतो आणि गार पाणी प्यायले की कळ येते.

कैरी, चिंच किंवा आंबट बोरे भरपूर खाल्ल्यावर ‘दात आंबले’ असे आपण म्हणतो. जीभ फिरवली तर दात खरखरीत लागतात आणि काही चावावेसे वाटत नाही. आंबट पदार्थाचा दाताच्या पृष्ठभागावर परिणाम होतो, हे आपल्या पूर्वजांच्याही ध्यानात आले होते. या परिणामाचे कारण आता पाहू.

साडेपाचची रेषा

एखादा द्राव किती आम्लधर्मी आहे हे सांगण्यासाठी सामू हे माप वापरतात. इंग्रजीत यालाच पीएच म्हणतात. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो. सामू जितका कमी, तितका द्राव अधिक आम्लधर्मी. मात्र हे माप साध्या पट्टीसारखे नाही. सामू एकाने कमी झाला, की हायड्रोजन आयनांचे प्रमाण दसपट होते.

आपल्या तोंडातील लाळेचा सामू साधारणपणे ७ च्या आसपास असतो. लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळलेले असतात, त्यामुळे दंतवल्कातील खनिज जागच्या जागी टिकून राहते. पण दाताभोवतालचा सामू सुमारे ५.५ च्या खाली गेला, की परिस्थिती पालटते. हायड्रोजन आयन स्फटिकातील फॉस्फेट आणि हायड्रॉक्सिल यांच्याशी संयोग पावतात, स्फटिक मोडू लागतो आणि त्यातील कॅल्शियम द्रावात उतरते. सामू पुन्हा वर चढला की लाळेतील खनिजाने ही हानी थोडीफार भरून निघते. दंतमंजनातील फ्लोराइड या दुरुस्तीला मदत करते. परंतु हानी वारंवार आणि दीर्घकाळ होत राहिली, तर दुरुस्ती मागे पडते.

दाताला आम्ल दोन वाटांनी मिळते. पहिली वाट आहे जीवाणूंची. दातांवर जो चिकट थर जमतो, त्यातील जीवाणू साखरेचे आम्लात रूपांतर करतात. बर्लिन येथे काम करणाऱ्या मिलर या अमेरिकन दंतवैद्याने १८९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा सिद्धांत मांडला. पुढे १९२४ मध्ये ब्रिटनमधील क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हा जीवाणू वेगळा केला. दुसरी वाट सरळ आहे. लिंबू, व्हिनेगर, शीतपेये यांतील आम्ल थेट दाताला भिडते. येथे जीवाणूंची गरजच नसते. पहिल्या वाटेने दात किडतो, म्हणजे एखाद्या जागी खड्डा पडतो. दुसऱ्या वाटेने दात झिजतो, म्हणजे त्याचा सबंध पृष्ठभाग पातळ होत जातो.

किती खाल्ले, की किती वेळा?

अमेरिकन संशोधक रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात एक महत्त्वाचे निरीक्षण केले. ग्लुकोजच्या द्रावाने चूळ भरायला सांगून त्यांनी दातांवरील थराचा सामू मोजला. काही मिनिटांतच तो झपाट्याने खाली आला आणि पूर्ववत होण्यास साधारण अर्धा ते एक तास लागला. सामूच्या या चढउताराचा आलेख ‘स्टीफन वक्र’ या नावाने ओळखला जातो.

आता एक साधे गणित करू. प्रत्येक खाण्यानंतर दात सुमारे ४० मिनिटे साडेपाचच्या रेषेखाली राहतात असे धरा. दिवसातून तीन वेळा खाणाऱ्याचे दात एकूण १२० मिनिटे, म्हणजे दोन तास आम्लात राहतील. तेवढेच अन्न आठ वाटण्या करून खाणाऱ्याचे दात ३२० मिनिटे, म्हणजे पाच तास वीस मिनिटे आम्लात राहतील. उष्मांक दोघांच्याही पोटात सारखेच गेले. दातांचा हिशोब मात्र दुपटीहून अधिक झाला!

हे नुसते कागदावरचे गणित नाही. १९४५ नंतरच्या काही वर्षांत स्वीडनमधील लुंड शहराजवळच्या व्हिपेहोम येथे मतिमंद रुग्णांच्या संस्थेत एक मोठा प्रयोग झाला. काही रुग्णांना जेवणाबरोबर साखर देण्यात आली, तर काहींना दोन जेवणांच्या मध्ये दातांना चिकटणारी टॉफी वारंवार देण्यात आली. पहिल्या गटात कीड फारशी वाढली नाही. टॉफी खाणाऱ्यांचे दात मात्र झपाट्याने किडले. १९५४ मध्ये या प्रयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. ज्यांना नकार देणे शक्य नव्हते अशा रुग्णांचे दात जाणूनबुजून किडू दिले, म्हणून या प्रयोगाचा आज निषेधच केला जातो. तथापि, त्यातून निघालेला निष्कर्ष आजही मान्य आहे. साखर किती खाल्ली, यापेक्षा ती किती वेळा खाल्ली आणि तोंडात किती वेळ राहिली, हे दातांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे.

तेव्हा ‘दर दोन तासांनी थोडे थोडे’ हा उपाय करायचाच असेल, तर त्या थोड्यात बिस्किटे, खजूर, चिक्की असे चिकटणारे पदार्थ नसावेत. मूठभर भाजलेले शेंगदाणे, काकडी किंवा पनीरचा तुकडा चालेल. दोनदाच जेवणाऱ्यांचे दात या बाबतीत सुखी म्हटले पाहिजेत. पण मधल्या वेळेत भूक मारण्यासाठी ते दिवसभर लिंबूपाण्याचे घोट घेत राहिले, किंवा पेपरमिंटच्या गोळ्या चघळीत राहिले, तर मिळवलेला फायदा हातचा जातो.

लिंबू, मध आणि कोमट पाणी

लिंबाच्या रसाचा सामू २ ते २.५ च्या आसपास असतो. साडेपाचच्या रेषेशी तुलना केली, तर २.५ सामू असलेल्या द्रावात हायड्रोजन आयन हजारपट भरतात. ‘पण आम्ही तर पेलाभर पाण्यात अर्धेच लिंबू पिळतो!’ असे कोणी म्हणेल. सायट्रिक आम्ल हे सौम्य आम्ल आहे. त्याचे सर्व रेणू एकाच वेळी विघटित होत नाहीत. त्यात पाणी घातले की उरलेले रेणू विघटित होऊ लागतात, म्हणून सामू अपेक्षेइतका वर चढत नाही. पेलाभर लिंबूपाण्याचा सामू ३ च्या आसपासच राहतो. शिवाय, सायट्रिक आम्लाला कॅल्शियमशी बांधले जाण्याची विशेष आवड असते; त्यामुळे दातातील कॅल्शियम ओढून घेण्यास ते अधिक समर्थ ठरते.

त्यात मध घातला की लिंबूपाणी दातांना सौम्य होते असे पुष्कळांना वाटते. पण मधात सुमारे ८० टक्के साखरच असते. म्हणजे एकाच पेल्यातून दाताला थेट आम्लही मिळते आणि जीवाणूंना खाद्यही मिळते. वेळही नेमकी अडचणीची निवडलेली असते. रात्री झोपेत लाळ जवळजवळ थांबलेली असते आणि पहाटे तोंड कोरडे असते. त्यातही काही लोक हे पाणी चहासारखे फुरक्या मारीत पंधरा मिनिटे पितात आणि लगेच दात घासायला जातात. आम्लाने नरम झालेल्या पृष्ठभागावर ब्रश फिरवला, तर तो थर घासला जाण्याचा संभव असतो.

हल्ली सफरचंदाचे व्हिनेगर पिण्याचीही प्रथा निघाली आहे. व्हिनेगरचा सामू २.५ ते ३ च्या दरम्यान असतो. तेव्हा त्यालाही हेच सारे लागू पडते.

राहिली ‘डाएट’ शीतपेये. त्यांत साखर नसते, म्हणून उष्मांक जवळजवळ शून्य. जीवाणूंनाही काही मिळत नाही. पण चव आणण्यासाठी घातलेले फॉस्फोरिक किंवा सायट्रिक आम्ल तसेच राहते. बहुतेक शीतपेयांचा सामू २.५ ते ३.५ च्या दरम्यान असतो, मग ती साखरेची असोत वा बिनसाखरेची. बाटलीवर उष्मांक शून्य लिहिलेले असते, याचा अर्थ आम्ल शून्य असा होत नाही.

गोडी आणणारे सगळेच पर्याय दातांना वाईट असतात असे मात्र नाही. फिनलंडमधील तुर्कू येथे १९७२ ते १९७४ या काळात काही लोकांना साखरेऐवजी झायलिटॉल हा गोड पदार्थ देण्यात आला, तेव्हा त्यांच्या दातांतील नव्या किडीचे प्रमाण फारच कमी झाले. कारण स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्सला झायलिटॉलपासून आम्ल तयार करता येत नाही.

उपाशी तोंड आणि लाळ

दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ आपल्या तोंडात येते. ती आम्ल धुऊन नेते, तिच्यातील बायकार्बोनेट आम्लाचे उदासीनीकरण करते आणि दाताला खनिज परत देते. चावण्याच्या क्रियेने लाळ वाढते. त्यामुळे जो चावतच नाही, नुसती पेये पिऊन दिवस काढतो किंवा पाणीही कमी पितो, त्याचे तोंड कोरडे पडते आणि दातांचा पहारेकरीच रजेवर जातो.

कर्बोदके जवळजवळ बंद करण्याचा उपाय नवा नाही. लंडनमधील विल्यम बँटिंग यांनी १८६३ मध्ये स्वतःच्या अनुभवावर पुस्तिका लिहून तो लोकप्रिय केला आणि १९७२ मध्ये अमेरिकेत डॉ. ॲटकिन्स यांच्या पुस्तकाने तो पुन्हा गाजला. जीवाणूंना साखर मिळत नाही, हा त्यात दातांचा लाभ. पण कर्बोदके फारच कमी झाली, की शरीर चरबी जाळून कीटोन पदार्थ तयार करते. त्यांपैकी ॲसिटोन श्वासावाटे बाहेर पडते. हा वास फुप्फुसातून येत असल्यामुळे कितीही दात घासले तरी जात नाही. तो लपवण्यासाठी गोड गोळ्या चघळल्या, तर दातांवर पुन्हा साखरच येते.

हिरड्या आणि जबडा

दात ज्या हिरडीत आणि हाडात रोवलेले असतात, त्यांचाही विचार केला पाहिजे. ब्रिटिश आरमारातील वैद्य जेम्स लिंड यांनी १७४७ मध्ये सॅलिस्बरी या जहाजावर स्कर्व्हीने आजारी असलेल्या बारा खलाशांवर प्रयोग केला. हिरड्या सुजणे, त्यांतून रक्त येणे, दात हलणे ही या रोगाची लक्षणे. ज्या दोघांना संत्री आणि लिंबे दिली, ते सर्वांत लवकर सुधारले. हिरड्यांतील कोलॅजेन तंतू बळकट होण्यासाठी क जीवनसत्त्व लागते, हे त्याचे कारण पुढे उलगडले. म्हणजे जे लिंबू दिवसभर घोटाघोटाने प्यायल्यास दातांना अपाय करते, तेच जेवताना वरणभातावर पिळले असता हिरड्यांना उपकारक ठरते! लिंबाला दोष देण्यात अर्थ नाही. ते कसे आणि केव्हा घेतो, यावर सारे अवलंबून आहे.

कॅल्शियमविषयी एक गैरसमज आहे. दूध सोडले की शरीर दातांतून कॅल्शियम काढून घेते, असे म्हणतात. ते खरे नाही. तयार झालेल्या दंतवल्कातून शरीर कॅल्शियम परत घेऊ शकत नाही. हाडांतून मात्र घेते, आणि जबडा हे हाडच आहे. वाढीच्या वयात दूध, दही, नाचणी, डाळी यांना फाटा देणे म्हणूनच शहाणपणाचे नाही. ताक किंवा दही आंबट असूनही दाताला फारसे झिजवीत नाही, कारण त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट भरपूर असतात.

तुमच्या वयाला धोका अधिक आहे. दुसरी मोठी दाढ बाराव्या-तेराव्या वर्षी वर येते. नव्याने आलेल्या दाताचे दंतवल्क पुरते पक्के झालेले नसते. लाळेतील खनिज घेऊन ते पुढे हळूहळू पक्के होते. नेमक्या याच वयात वर्गातील कोणी ‘जाडी’ किंवा ‘ढोल्या’ म्हणून चिडवले, की मुले-मुली कोणालाही न सांगता उपाशी राहू लागतात. काहीजण खाल्लेले ओकून टाकण्यापर्यंत जातात. जठरातील आम्लाचा सामू १ ते २ इतका कमी असतो. ते वारंवार तोंडात आले, की वरच्या पटाशीच्या दातांची आतली बाजू झिजते. ही खूण कित्येकदा प्रथम दंतवैद्याच्याच नजरेस पडते. हा हट्ट नव्हे आणि वाईट सवयही नव्हे, हा आजार आहे. १९७९ मध्ये लंडनच्या डॉ. रसेल यांनी त्याचे वर्णन करून त्याला बुलिमिया नर्व्होसा हे नाव दिले. त्यावर उपचार आहेत. तुम्हाला स्वतःला किंवा मैत्रिणीला, मित्राला असे होत असेल, तर आई-वडिलांना, शिक्षकांना किंवा डॉक्टरांना जरूर सांगा. ते सांगणे म्हणजे चहाडी नव्हे.

करून पाहा

अंड्याची टरफले धुऊन, वाळवून त्यांचे साधारण दोन-दोन ग्रॅमचे चार भाग करा आणि शाळेच्या तराजूवर नेमके वजन नोंदवा. चार पेल्यांत सारख्याच प्रमाणात साधे पाणी, लिंबूपाणी, व्हिनेगर आणि एखादे ‘डाएट’ शीतपेय घ्या. प्रत्येकाचा सामू दर्शक पट्टीने मोजा. टरफले त्यांत २४ तास ठेवा, मग धुऊन, पूर्ण वाळवून पुन्हा वजन करा. किती टक्के घट झाली? सामू आणि घट यांचा काही संबंध दिसतो का? दुसऱ्या खेपेस लिंबूपाण्यातील टरफले दहा मिनिटांतच काढून साध्या पाण्यात टाका आणि फरक पाहा.

हे मात्र ध्यानात ठेवा, की टरफल कॅल्शियम कार्बोनेटचे असते. त्यातून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात आणि ते दातापेक्षा लवकर विरघळते. शिवाय पेल्यात लाळ नसते. म्हणून हा प्रयोग क्रियेचे स्वरूप दाखवतो. तोंडातील वेग दाखवीत नाही.

मग करावे तरी काय?

आंबट पेय घ्यायचेच असेल तर जेवणाबरोबर आणि एका बैठकीत घ्यावे, दिवसभर घोट घेऊ नयेत. नंतर साध्या पाण्याने चूळ भरावी. दात घासण्यापूर्वी अर्धा ते एक तास जाऊ द्यावा. रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त दंतमंजनाने दात घासावेत आणि त्यानंतर पाण्याखेरीज काही घेऊ नये. तहान साध्या पाण्यानेच भागवावी. रस पिण्याऐवजी फळ चावून खावे. गोड खायचे तर ते जेवणातच खावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वाढत्या वयात कोणाचे ऐकून वजन उतरवण्याचे प्रयोग स्वतःवर करू नयेत. खरोखरच वजन जास्त आहे का, हे डॉक्टरांना ठरवू द्यावे. उतरलेले वजन पुन्हा वाढू शकते आणि वाढलेले पुन्हा उतरवता येते. पण बाराव्या वर्षी आलेली दाढ साठ-सत्तर वर्षे वापरायची असते, आणि तिच्यावरचे झिजलेले दंतवल्क परत येत नाही.